खिडकीजवळची खुर्ची

“हौसाबाई मोरे... चार किलो!”

मालकांच्या जावईबापूंनी काट्यावरचं ताट उचललं आणि शेडातल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं. मग माझं ताट ठेवलं. काटा थरथरला आणि थांबला.

“द्वारका मोरे... नऊ किलो! बघा जरा सगळ्याजणी. एकाच घरातल्या दोघी, पाटाला पाट लावून बसणाऱ्या. एक नऊ, एक चार. आता हिला आणि तिला सारखाच पगार द्यायचा, हा कुठला न्याय?”

बायकांच्या नजरा हौसाबाईंकडं गेल्या. मला मात्र आतल्या आत गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू! लग्न होऊन आले त्या दिवशी ह्यांनी उखाण्यात नाव घेतलं होतं, त्यानंतर चारचौघांत माझं नाव असं मोठ्यानं कुणी घेतलं नव्हतं.

हौसाबाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. आत्तींनी पदरानं तोंड पुसलं, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, “चार तर चार. चल आता, घरात दिवा लावायचा हाय.”

आजऱ्याच्या बाहेर आण्णा शिंत्र्यांचा काजूचा कारखाना होता. आता तिथं मंगल कार्यालय झालंय. पुढच्या शेडात गडी माणसं बी वाफवायची, फोडायची, भट्टीत वाळवायची. तिथून काजू आमच्याकडं मागच्या शेडात यायचा, अंगावर तांबडी साल घेऊन. ती साल सुरीच्या टोकानं काढायची आणि गर अख्खा ठेवायचा. तुकडा पडला की त्याची किंमत गेली. ऐकायला सोपं वाटतं. दिवसभर मान खाली घालून बसून बघा एकदा. संध्याकाळी पाठ अशी भरून यायची की चूल फुंकायला वाकायचं म्हटलं तरी रडू यायचं.

आण्णांच्या वेळी सगळ्यांचा मिळून एकच ढीग असायचा. सोललेलं ज्याचं त्यानं मोठ्या घमेल्यात ओतायचं, दिवस मावळला की सगळं एकदम तोलायचं आणि येतील ते पैसे सारखे वाटून घ्यायचे. मधे एक परात ठेवलेली असायची. एखाद्या बीची साल चिकटून बसते, सुरीला दाद देत नाही, तिला आम्ही चिवट म्हणायचो. हाताला चिवट लागली की परातीत टाकायची आणि पुढची घ्यायची. त्या परातीवर आत्ती बसायच्या. एका चिवट बीच्या वेळात साध्या चार सोलून होतात, पण ढीगच एक, मग कुणी किती सोलल्या ते कोण बघतंय?

मग आण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि पुण्याहून त्यांचे जावई आले, सत्यजित नावाचे. माणूस वाईट नव्हता, तेवढं सांगते. शिवी नाही, वाकडी नजर नाही. पण पहिल्याच दिवशी त्यांनी परात उचलून कोपऱ्यात उपडी घातली आणि भाषण केलं.

“आजपासून ज्याचं त्याचं ताट. ताटात असेल ते त्या बाईचं. कुणी कसं केलं, कुणी कुणाला मदत केली, ते मला सांगायचं नाही. आठ किलोच्या वर जी जाईल तिला दीडपट दर. पहिले तीन आठवडे सवय करून घ्या. चौथा आठवडा खरा. त्या आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांत जिचं दिवसाला पाचच्या खाली येईल, तिनं पुढच्या महिन्यापासून यायचं नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “म्हाताऱ्या बायकांनी काय करायचं मग?”

“वय बघून गिऱ्हाईक जास्त पैसे देतं का, मावशी?” जावईबापू म्हणाले. त्यांना आम्हांला दुखवायचं नव्हतं. त्यांना ते खरंच वाटत होतं.

तर त्या चौथ्या आठवड्याची धास्ती. लोकांना वाटेल, म्हातारीचं काम गेलं तर गेलं, घरात बसेल, नातवंडं खेळवेल. आत्तींना ओळखत नाही तुम्ही. सासरे गेल्यावर त्या माझ्या थोरल्या दिरांकडं, म्हणजे आपल्या थोरल्या लेकाकडं होत्या. एकदा जेवताना दीर म्हणाले, “बसून खायला काय लागतंय?” आत्तींनी हातातला घास ताटात ठेवला, हात धुतला, बोचकं बांधलं आणि आमच्या दारात आल्या. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहूनच मला म्हणाल्या, “द्वारके, मी माझ्या कमाईवर हितं राहणार. ज्या दिवशी काम सुटंल त्या दिवशी तुझ्याबी घरात राहणार न्हाई. माहेरच्या गावात पडकी खोली हाय माझी.” त्यांचा धाकटा लेक, म्हणजे आमचे हे, ट्रकवर. आठवड्यातनं एकदा घरी. त्यांनी समजूत घालून पाहिली. पण आत्तींचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि ती खोली म्हणजे नुसत्या चार भिंती, वर पत्रासुद्धा धड नाही.

म्हणून मला त्यांचा राग यायचा. एवढं डोक्यावर टांगलंय आणि ही बाई चारच्या पुढं सरकत नाही!

“आत्ती, जरा हात उचला की,” मी वाटेत म्हटलं. “एक किलोचाच तर प्रश्न हाय. माझं बघा, नऊ होतंय.”

“तुझं वय काय, माझं वय काय?”

“वयाचं काय घेऊन बसलाय! मधेच थांबताय तुम्ही. बोलत बसताय. मन लावून केलं की होतंय.”

आत्तींनी माझ्याकडं बघितलं. हसल्या की काय कोण जाणे, तोंडात तंबाखू होती.

“व्हय बाई,” त्या म्हणाल्या. “तुझं मन लई लागतंय.”

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जावईबापूंनी एक खुर्ची आणवली. लाल, प्लास्टिकची, पाठ असलेली. पुढं छोटं टेबल. खिडकीजवळ, वारं येईल अशा जागी मांडली आणि म्हणाले, “पहिल्या नंबरला ही खुर्ची. द्वारकाबाई, या.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्या मनापासून, अर्ध्या जळून. मी बसले. काय सांगू तुम्हांला, पाठीला टेकायला काहीतरी मिळालं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं पाटावर बसून कंबरेचे तुकडे झाले होते. खाली बायकांची रांग, वर मी. आत्तींच्या शेजारची माझी जागा सुगंधाला मिळाली. सुगंधा म्हणजे आमच्याच गल्लीतली, घरी तान्हं पोर ठेवून कामाला येणारी. तिचं वजन कधी पाच, कधी सव्वापाच. चौथ्या आठवड्याच्या भीतीनं तिची झोप उडालेली.

चौथा आठवडा लागला, आणि खुर्चीवरच्या पहिल्या दिवशी माझं वजन आलं साडेपाच.

“पहिलाच दिवस आहे, सवय नाही,” जावईबापू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेपाच. मी पाणी प्यायला उठले नाही, कुणाशी एक शब्द बोलले नाही, तरी साडेपाच. हाताला येईल ती बी चिवट. मला वाटलं माल खराब आलाय. पण मग सुगंधाचं ताट चढलं काट्यावर.

“सुगंधा कांबळे... आठ किलो शंभर! शाब्बास!”

सुगंधा तोंडाला पदर लावून हसली. जावईबापू माझ्याकडं वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “द्वारकाबाई, खुर्ची मिळाली की माणूस सैल पडतं. असं करू नका.”

मला इतकं लागलं म्हणता! रात्रभर कूस बदलत राहिले. तिसऱ्या दिवशी मात्र मी काम करता करता मान वर केली. पाटावर बसलेली बाई मान वर करत नाही. हातातल्या बीवरची नजर हलली की सुरी बोटात. पण खुर्चीवरून समोरची सगळी रांग दिसत होती.

आत्तींचा हात सुगंधाच्या ताटात होता.

आधी मला वाटलं, म्हातारी चोरतेय. मग नीट बघितलं. आत्ती स्वतःच्या ताटातली न सोललेली एक साधी बी उचलायच्या, सुगंधाच्या ताटात ठेवायच्या आणि तिच्यातली चिवट उचलून आपल्याकडं आणायच्या. बघत नव्हत्या, मोजत नव्हत्या. बोलत होत्या काहीतरी पलीकडच्या बाईशी, आणि हात आपला जात होता, येत होता. सुगंधाला पत्ता नव्हता. तिच्या हाताला एकामागून एक मऊ बी येत होती आणि तिला वाटत होतं, काय आज हात चाललाय माझा!

माझे नऊ किलो कुठून आले होते ते मला कळलं.

संध्याकाळी ओढ्याजवळ मी त्यांना गाठलं.

“आत्ती, तुमचा हात त्या सुगंधाच्या ताटात कशाला जातोय?”

“कुठं जातोय?”

“मी बघितलंय. खुर्चीवरनं सगळं दिसतंय.”

त्या ओढ्याच्या कडेला दगडावर टेकल्या. पायातली चप्पल काढली, खडा झटकला.

“मला कुठं ठावं असतंय गं! परात होती तवाची सवय हाय. चिवट बी दिसली की हात जातोय. घरात तान्हं पोर हाय तिच्या. ज्याला घाई हाय त्याला सोपं द्यावं, म्हातारीनं अवघड घ्यावं, असंच चालत आलंय न्हवं? मी नवी आलो तवा बायाक्का म्हातारी माझ्या चिवट घ्यायची.”

“आणि माझ्या?”

“तुझ्याबी घेतल्या. म्हणून काय झालं?”

“मला का सांगितलं न्हाई? मी तुम्हांला मन लावून काम करा म्हणून शिकवत होते!”

“शिकवलंस, बरं केलंस,” आत्ती म्हणाल्या. “तुला सांगितलं असतं तर तुझा हात अडखळला असता. आणि दीडपट दर कुणाच्या घरात येत होता? आपल्याच न्हवं?”

“अहो पण चौथा आठवडा हाय! पाचच्या खाली आला तर काम जाणार तुमचं. तीन दिवस हात आवरा. फकस्त तीन दिवस!”

“बघतो,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच बघितलं. हात मांडीखाली दाबून बसायच्या मधेमधे. मग विसरायच्या. मी खुर्चीवरून खाकरायचे, त्या दचकून हात मागं घ्यायच्या. असा दिवसभर तमाशा. संध्याकाळी वजन चार किलो. मागं घेतलेला हात धड स्वतःच्याही ताटात चालत नव्हता.

मी जावईबापूंच्या केबिनमधे गेले.

“साहेब, मला खाली बसू द्या. आत्तींच्या शेजारी.”

“का?”

“माझे नऊ किलो माझे नव्हते.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मग कुणाचे होते?”

“आत्तींचे. म्हणजे निम्मेअर्धे.” मी सगळं सांगितलं. चिवट, मऊ, हात, परात. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेतलं नाही असं मी म्हणणार नाही.

“म्हणजे तुमचं खरं काम किती?” त्यांनी विचारलं.

“ते कसं सांगू? तिथं बसले की नऊ, हितं बसले की साडेपाच.”

“आणि सासूबाईंचं?”

“ते तर देवालाच ठावं.”

त्यांनी डोळे चोळले. दमलेला माणूस दिसत होता तोही. आण्णांनी करून ठेवलेलं बँकेचं कर्ज त्यांच्याच डोक्यावर होतं म्हणे. “द्वारकाबाई, असं प्रत्येकीच्या ताटात मागं मागं जात बसलो तर मी पगार कुणाला आणि कसा देऊ? मला काटा दाखवतो तेवढंच दिसतं. ताटात आहे ते त्या बाईचं. आणि बक्षिसाची खुर्ची तुम्ही चार दिवसांत सोडलीत तर बाकीच्या हसतील मला. बसा आठवडाभर.”

मी बाहेर आले. सुगंधा नळावर हात धूत होती. तिला म्हटलं, “सुगंधा, तुझं आठ भरतंय. तोलायच्या आधी एक किलो आत्तींच्या ताटात टाक. कुणाला कळायचं न्हाई. दोन दिवस राहिलेत फकस्त.”

तिनं नळ बंद केला. “आणि मी आठच्या खाली येऊ? दीडपट दर जाईल माझा. पोराला वरचं दूध लागतंय, द्वारकाक्का.”

“अगं, त्यांच्यामुळंच तर तुझं आठ होतंय!”

“त्यांच्यामुळं?” तिला खरंच राग आला. “दिवसभर मान मोडून मी सोलतो, माझं मी! म्हाताऱ्या बाईला होत न्हाई त्याला मी काय करू?”

आठवड्यापूर्वी मला कुणी हे सांगितलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं, वर दोन शब्द जास्त.

त्या रात्री भाकरी थापताना मी हिशोब केला. आत्तींचं चार, माझं साडेपाच. दोघींचं मिळून दहा भरत नव्हतं, म्हणजे दोघींनाही पाच-पाच करून वाचवता येत नव्हतं. कशीही वाटणी केली तरी एकीला घरी जावं लागणार होतं. आत्ती पलीकडं भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारी लुगडं घडी करून ठेवलेलं, त्याच्यावर त्यांची तांब्याची लोटी. सामान काढायला लागली होती म्हातारी. मी तव्यावरची भाकरी उलटली. दमले होते मी. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

दुसऱ्या दिवशी तोलायची वेळ झाली. सगळ्याजणी ताटं घेऊन रांगेत. आत्ती माझ्या पुढं. त्यांनी ताट काट्यावर ठेवलं, आणि मी माझं ताट उचलून सगळंच्या सगळं त्यांच्या ताटात ओतलं.

“द्वारके!” आत्ती ओरडल्या. “येडबीड लागलं काय तुला?”

“तोला, साहेब,” मी म्हटलं.

“हे काय चाललंय?” जावईबापू म्हणाले.

“ताटात असेल ते त्या बाईचं. कुणी कसं केलं ते विचारायचं न्हाई. तुमचाच शब्द हाय.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. जावईबापूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वाटलं, आता ताट फेकून देतात. पण मी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. आपल्या नियमाचा पक्का होता. त्यांनी काट्याकडं बघितलं.

“हौसाबाई मोरे... साडेनऊ किलो.” आवाज मोठा नव्हता. मग माझं रिकामं ताट ठेवलं. “द्वारका मोरे... शून्य.”

“शेवटच्या दिवशीबी असंच करणार हाय मी,” मी म्हटलं. “आत्तापासनंच सांगून ठेवतो.”

“मग तुम्हांला पुढच्या महिन्यात काम नाही, हे मलाही आत्ताच सांगावं लागेल.”

“सांगा की.”

आत्ती वाटेत माझ्या पुढं झपाझप चालत होत्या. ओढा ओलांडला, चढ चढला, गल्लीत आलो. दाराशी आल्यावर म्हणाल्या, “मला इचारलं न्हाईस.”

“तुम्ही तरी कुठं विचारलं होतं?” मी म्हटलं. “माझ्या ताटात हात घालताना?”

त्या आत गेल्या. लोटी उचलून परत फळीवर ठेवल्याचा आवाज आला. मी उंबऱ्यावर बसले.

पुढच्या महिन्यात खुर्ची आत्तींना मिळाली, शेवटच्या दोन दिवसांत पहिला नंबर त्यांचाच नव्हता का आला! लाल खुर्चीत नऊवारी नेसलेली म्हातारी, पाय जमिनीला टेकत नव्हते, खाली उपडी परात ठेवून घेतली होती म्हणे पायाला. बायका सांगत यायच्या आणि हसून लोटपोट व्हायच्या. तिथं शेजारी कुणाचं ताट नव्हतं. हात जाणार कुठं? आपलंच काम करायला लागला. रोज साडेसहा, कधी सात. माझ्यापेक्षा किलोभर जास्त. जावईबापू सगळ्यांना सांगायचे, “बघा, योग्य बक्षीस दिलं की या वयातही माणूस सुधारतं.” सुगंधाचं परत पाचवर आलं. तिचं म्हणणं, तिच्यावर कुणीतरी करणी केली.

मी गडहिंग्लजला कॉलेजच्या वसतिगृहात भाकऱ्या करायला लागले. तिथं तरी काटा नव्हता, नुसता जाळ होता. आत्तींनी कारखाना बंद पडेपर्यंत काम केलं आणि आमच्याच घरात राहिल्या, ताठ मानेनं. माझ्याबद्दल कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं.

“सून गुणाची हाय माझी,” त्या पाहुण्यांना सांगायच्या. “मनानं लई चांगली. पण हात मंद हाय बघा. म्हणून तर काढलं शिंत्र्यांनी.”

सुरुवातीला मला संताप यायचा. मग हसू यायला लागलं, आणि मग तेही थांबलं, कारण तेवढं काही खोटं नव्हतं. पाहुणे चहा पीत असायचे, आम्ही दोघी समोर ताटं घेऊन लसूण सोलत असायचो. आत्ती त्यांच्याशी बोलत असायच्या. आणि माझा हात एवढा मंद, तरी लसूण माझाच आधी सोलून व्हायचा.